चारशे बारा कोरी पानं

मी कोपर गावच्या भिवाकाकांच्या घरातला कम्प्युटर बोलतोय. जरा दमानं ऐका. मला नुसतं जागं व्हायलाच सात मिनिटं लागतात, मग बोलायला वेळ लागणारच.

ठाण्याच्या एका दुकानात मला जोडलं. पेटी एका कंपनीची, पडदा दुसरीचा, डोकं तिसरीचंच. काकांचा थोरला मुलगा प्रफुल्ल तेव्हा कॉलेजात जायचा, त्याच्यासाठी मला आणलं. रिक्षातून भिवाकाकांनी मला मांडीवर धरून आणलं होतं. दारात तुळसाकाकूंनी मला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. घरात आलेल्या वस्तूला मान द्यायची त्यांची रीत.

पुढं प्रफुल्ल नोकरीला लागला, धाकट्या मयूरनं माझ्यावर खेळ खेळून घेतले, मग दोघांच्याही हातात फोन आले. मला जाळीचा विणलेला रुमाल मिळाला आणि तांदळाच्या पिंपाशेजारची जागा. दोन वर्षं मी तसाच बसलो. कोणी माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचं, कोणी लाइटची बिलं.

मला परत हात लावला तो भिवाकाकांनी. काका शाळेत गेले नाहीत. तरुणपणी मिठागरात होते, मग मिठागर गेलं, शेतं गेली, बिल्डिंगी आल्या. आकडे ओळखतात, अक्षरं नाही. प्रफुल्लची बायको करिश्मा, ठाकुर्लीची, मोठी समजूतदार पोर. सासरे दुपारचे नुसते बसून असतात हे बघून तिनं त्यांना माझ्यातले घरचे फोटो बघायला शिकवलं. दर महिन्याला घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो ती माझ्यात आणून टाकायची. त्यातलं नको ते निवडायचं काम काकांचं.

"बाबा, ज्याच्यावर चित्र दिसतं तो फोटो," तिनं एकदा सांगितलं. "ज्याच्यावर पांढरं कोरं पान दिसतं, ते आपल्या कामाचं नाही. ते काढून टाकलंत तरी चालेल."

काकांनी ते मनात धरलं. दुपारी जेवण झालं की हात धुऊन माझ्यासमोर बसायचे. चित्रं बघायचे. कोरी पानं दिसली की एकेक उचलून माझ्या केराच्या टोपलीत टाकायचे. आणि टोपली लगेच रिकामी करायचे, कारण केर घरात साठवायचा नाही ही त्यांची सवय. रिकामी करताना मी दर वेळी विचारतो, कायमचं काढू का? पण मी विचारतो इंग्रजीत. काकांना एवढंच ठाऊक, की डावीकडचं बटण दाबलं की काम होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगताना अजून माझा पंखा जोरात फिरतो.

मागच्या महिन्यात मयूरचं लग्न झालं. आगरी लग्नात धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि धवला गाणारी बाई म्हणजे धवलारीण. कोपरमध्ये ती एकच उरलीय, ठमाबाई. भिवाकाकांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढं. साठ वर्षं तिनं लोकांची लग्नं गाऊन लावली. माझ्यात घरच्या नि भावकीच्या बावीस लग्नांचे फोटो आहेत, ते मी सगळे धुंडाळलेत. ठमाबाई त्यातल्या एकातही नाही. एका फोटोत तिच्या हाताचं कोपर आहे, एकात लुगड्याचा काठ. फोटोवाला नवरी बघतो, मामा बघतो, नाचणारे बघतो. गाणारी कोपऱ्यात बसलेली असते.

या वेळी ठमाबाई म्हणाली होती, की हा शेवटचा धवला. दम पुरत नाही. तेव्हा काकांनी करिश्माच्या भावाला बाजूला घेतलं. हा सूरज, नुकताच नवा कॅमेरा घेऊन फोटोच्या कामाला लागलेला.

"नवरा-नवरीला काडनारे चिकार हायेत," काका त्याला म्हणाले. "तू सकालभर माझ्या बायलाच काड. ती गाते कशी, तेवढंच काड."

बाय म्हणजे बहीण. सूरजनं शब्द पाळला. संध्याकाळी तो कॅमेऱ्यातलं ते नखाएवढं कार्ड घेऊन माझ्यापाशी आला. समोरची खाच केव्हाच बिघडलेली, म्हणून मागं वायर लावून त्यानं सगळं माझ्यात ओतलं. पाऊण तास लागला.

"काका, उद्या बदलापूरला काम आहे, कार्ड रिकामं लागेल मला," तो म्हणाला. "फोटो इथे टाकलेत. रविवारी हार्ड डिस्क घेऊन येतो नि नेतो."

"निवांत ये," काका म्हणाले.

सूरजनं तेव्हा एक फोटो जरी उघडून बघितला असता, तरी माझी चूक त्याला कळली असती. म्हणजे चूक माझीही नाही म्हणा. त्यानं कॅमेऱ्यात कच्चे फोटो काढले होते. कच्चा फोटो म्हणजे मिठागरातून नुकतं ओढलेलं मीठ. सगळं त्यात असतं, पण धुतलेलं, निवडलेलं नसतं. ते ओळखायला नवं डोकं लागतं. माझं डोकं बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. माझ्यात ते आले, जसेच्या तसे आले, पण त्यांचं तोंड मला काही दाखवता येईना. म्हणून मी प्रत्येकावर पांढरं कोरं पान लावलं. मला दुसरं काही येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी काका हात धुऊन बसले. आज बाय बघायची म्हणून धोतराला हात पुन्हा पुसले. सूरजनं दाखवलेली जागा उघडली, आणि बघतात तर पानंच पानं. खाली सरकवलं, आणखी पानं. शेवटपर्यंत गेले. मग वर आले. एकावर दोनदा दाबलं, तर मी चौकट काढून विचारलं, हे कशानं उघडू? त्यांनी ती बंद केली.

मग हळूच म्हणाले, "पोराचं काम फसलं." आणि सगळी पानं एकदम उचलून टोपलीत टाकली.

मला घाम फुटत नाही, नाहीतर तेव्हा फुटला असता. कार्ड तिकडे बदलापूरच्या लग्नानं भरून गेलं होतं. जगात ठमाबाईचं गाणारं तोंड आता एकाच जागी होतं, माझ्या केराच्या टोपलीत. आणि काकांचा हात टोपलीकडंच चालला होता.

त्यांनी टोपली रिकामी करायला दाबलं. मी विचारलं, या चारशे बारा वस्तू कायमच्या काढू का? याहून मोठ्यानं मला विचारता येत नाही. बाण डावीकडच्या बटणाकडं निघाला.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. ठमाबाई आली होती, काठी टेकत.

"भिवा, काय करतंस रं?" ती म्हणाली. "तुजी बायको बोलली, माझं फोटो आलं. मना दाखव. साठ वरसं गायली, तोंड कसं दिसतं ते बघते."

काकांचा हात माऊसवर तसाच. "फोटो नाय आलं गं बाय," ते म्हणाले. "सगली पानं कोरी हायेत. तीच टाकून देतंय."

ठमाबाई खुर्ची ओढून बसली. पडद्याकडं बघितलं. "किती पानं?"

काकांनी आकडा वाचला. "चारशे बारा."

"चारशे बारा कोरी?" ती म्हणाली. "तो पोरगा सकालपासून माझ्या कानाशी टकटक करत व्हता. एवडी टकटक करून कोरी पानं काडली त्यानी?"

"दिसतंय ते सांगतंय मी."

"तुला दिसत नाय म्हन. भटजीची पोथी माझ्याम्होरं ठेवली तर मना काय दिसतं? नुसती माशी बसल्यागत डाग. म्हनून काय ती पोथी चुलीत घालू?" तिनं काठीचं टोक माझ्या पडद्यापाशी नेलं. "ह्ये कायतरी विचारतंय तुला. काय विचारतंय?"

"मना वाचाया कुटं येतं?"

"मग न वाचता हो कसं बोलतंस?"

काका थांबले. आजवर त्यांनी उजवीकडचं बटण कधी दाबलं नव्हतं. ते काय करतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्हीतलं एकही दाबलं नाही. माझा प्रश्न तसाच राहू दिला आणि फोन लावला, ठाण्याला, करिश्माच्या ऑफिसात.

करिश्मानं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, काही दाबलंत?"

"आता दाबनार व्हतो."

"माऊसवरून हात काढा. आधी हात काढा." तिचा आवाज बारीक झाला. "मी येईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. आईंना पण सांगा."

काकांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि ती येईपर्यंत जागेवरून उठले नाहीत. चहासुद्धा तिथंच घेतला, माझ्यापासून लांब, बशीत. करिश्मा आली ती चप्पल न काढताच माझ्यापाशी आली. माझ्या प्रश्नाला तिनं नको म्हटलं आणि टोपलीतून सगळी पानं परत जागेवर ठेवली. मोजली. चारशे बारा. मग भावाला फोन केला.

"फॉरमॅट मारलं मी कार्ड," तिकडून सूरज म्हणाला. मग म्हणाला, "ताई, कम्प्युटर बंद कर, परत चालू करू नको. मी येतो रविवारी."

मला सांगायला लाज नाही, ते दोन दिवस मी बंद असूनही स्वस्थ नव्हतो. माझ्या पोटात जी तबकडी फिरते, ती मागच्या वर्षापासून मधेच टिकटिक करते. ते एकट्या मलाच ठाऊक होतं.

रविवारी सूरज आला. मला सुरू केलं, कान लावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, डिस्क वाजतेय ही. सगळं बाहेर निघेपर्यंत टिकली म्हणजे मिळवलं."

"न टिकली तर?"

"तर गेलं."

ठमाबाई पण आली होती, तीच खुर्ची धरून. तुळसाकाकू कोलंबीचं वाटण करायला मिक्सर घेऊन आल्या. मिक्सरचा आणि माझा बोर्ड एकच. काका बोर्डासमोर जाऊन उभे राहिले.

"मिक्सर नाय लावायचा. लाइट गेली तर?"

"आनी वाटण?"

"पाट्यावर वाट."

"तुमच्या बयनीच्या तोंडासाठी मना पाट्यावर बसवता," तुळसाकाकू म्हणाल्या.

"बस गं, मिक्सरनं हात जड जालेत तुजे," ठमाबाई म्हणाली. काकू हसल्या नि पाटा घ्यायला गेल्या.

सूरजनं मागं हार्ड डिस्क लावली आणि एक हिरवी पट्टी सुरू झाली. मी एकेक फोटो उचलून देत होतो. उचलताना तबकडी टिकटिक करायची, मग सुटायची. शंभर गेले. दोनशे गेले. दोनशे सत्याऐंशीवर मी अडकलो. ती एक जागा मला वाचताच येईना. पट्टी थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"हँग झालाय," सूरज म्हणाला आणि बटणाकडं हात नेला. "बंद करून परत लावतो."

"थांब," भिवाकाका म्हणाले.

"काका, हलत नाहीये."

"मिठागरात आमी पानी धरून ठेवायचो," काका म्हणाले. "वरून बघशील तर पंधरा दिस काय हलत नाय. हात घातला की गढूल. थांब जरा."

त्यांनी टेबलफॅन स्वतःच्या अंगावरून फिरवून माझ्या पेटीकडं केला आणि बोर्डासमोर उकिडवे बसले. पाट्यावर वरवंटा घासत होता. मी तीच जागा पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. किती वेळा ते मी मोजलं नाही. वाऱ्यानं पोट जरा निवलं आणि ती जागा सुटली. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

त्यानंतर मी कुठं थांबलो नाही. शेवटचा फोटो दिला तेव्हा कोलंबी शिजून झाली होती. सूरजनं हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. नवं डोकं, त्यानं ओळखायला वेळ घेतला नाही. आधी काळपट दिसलं, मग सूरजनं उजेड वाढवला आणि ठमाबाई दिसली. डोळे मिटलेले, मान मागं, तोंड पुरतं उघडं, कपाळावर हळदीचं बोट.

ठमाबाई वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "एवडं मोटं तोंड उगडतं माझं?"

"म्हनून तर मांडवाच्या पार ऐकू जातं," तुळसाकाकू म्हणाल्या.

"ह्यो आल्बमात लावशील?" तिनं सूरजला विचारलं.

"पहिल्या पानावर लावतो आजी."

पंच्याच्या टोकानं काकांनी डोळे टिपले. मग सूरज मला बंद करायला आला, तर त्याला म्हणाले, "र्‍हाऊ दे. तापलाय तो. निवू दे आधी." फॅन तासभर माझ्याकडंच होता.

आता रुमाल परत माझ्यावर आला आहे. टिकटिक वाढली आहे, हे मला कळतं. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी जुना असेल, तर एक सांगतो, त्याचं काम चालू असताना बटण बंद करू नका. हलत नाही असं दिसतं, पण तो आतून ओढत असतो.

आणि एखाद्या दुपारी काका हात धुऊन बसले, बटण दाबलं आणि मी उजळलो नाही, तर कोणीतरी त्यांना सांगा, घाबरू नका. बायचं तोंड माझ्यातून कधीच बाहेर पडलंय.