बंबावरची घंटा आणि शिडीमामांचा गुडघा

मी घंटा बोलतेय. शाळेतली नव्हे, आगीच्या बंबावरची. शाळेतली घंटा वाजली की पोरं उड्या मारत घरी जातात. मी वाजले की भरल्या ताटावरून माणसं उठायची आणि आगीकडे पळायची. हा फरक आधीच सांगितलेला बरा, कारण हल्ली मला कुणीही काहीही समजतं.

मला ओतणारा कारागीर अर्धा बहिरा होता. स्वतःला ऐकू येईपर्यंत त्याने माझा आवाज पसंत केला नाही. तिथून मी थेट अग्निशमन केंद्रात आले आणि बंबाच्या पुढच्या बाजूला ऐटीत बसले. वरच्या मजल्यावर जवानांच्या खाटा होत्या. एका कोपऱ्यात जमिनीला भोक पाडून त्यातून गुळगुळीत खांब खाली सोडला होता. खाली कुणी माझी दोरी ओढली की वरून एकेक गडी त्या खांबाला मिठी मारून सर्रकन घसरत यायचा.

सर्वांत आधी शिडीमामा. लांबलचक शिडी एकटे खांद्यावर टाकायचे, म्हणून हे नाव. घर केंद्राच्या मागच्याच चाळीत. तिथून मामी ओरडायच्या, "जपून हो! आणि लवकर या!" मामा कधी ऐकायला थांबल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मग सायरन आला. भोंगा मेला! ना सूर, ना ताल, नुसतं रडणं. पण जग नव्याच्या मागे लागलेलं. मला उतरवून जुन्या टायरांखाली टाकलं. वरचा खांबही काढला, भोक बुजवलं, खाटा गेल्या आणि तिथे मीटिंगची खोली झाली. नेमकं खांबाच्या जागी एक पोलादी कपाट येऊन उभं राहिलं. ते होतं जवानांच्या पेन्शन निधीचं.

हा निधी म्हणजे साधी गोष्ट. जवानांच्या पगारातून दरमहा थोडं कापायचं, नगरपालिकेने त्यात आपली भर घालायची आणि आग विझवून विझवून माणूस थकला की त्याला त्यातून पेन्शन द्यायची. सांभाळायला विश्वस्त पाच. केंद्राचे मोठे साहेब अध्यक्ष. जवानांनी निवडून दिलेले दोघे, शिडीमामा आणि पंपवाला. निवृत्त मंडळींतर्फे आजोबा. आणि नगरपालिकेचे हिशेबनीस, जे पेनाचं टोपण लावतानाही विचार करायचे.

आता चार आगवाले एका खोलीत बसले की काय होणार? नोकरीला लागल्यापासून आरडाओरडा करूनच बोलायची सवय. व्याजाचा विषय निघाला की रस्त्यावरची माणसं वर बघायची. शेवटी मोठे साहेब वैतागले. "शांतता राखायला काहीतरी पाहिजे," म्हणाले आणि मला टायरांखालून काढून, चिंचेने घासून मीटिंगच्या खोलीत भिंतीला टांगलं.

काय सांगू, माझा आनंद पोटात मावेना! पुढच्याच सभेत पंपवाला आणि आजोबा हमरीतुमरीवर आले आणि साहेबांनी माझी दोरी ओढली. कितीतरी वर्षांनी मी तोंड उघडत होते. मी काही हातचं राखलं नाही.

शिडीमामा तेव्हा चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट चहातच राहिलं. मामा उठले, दोन ढांगांत कोपरा गाठला आणि खांबाला कडकडून मिठी मारली. फक्त खांबाच्या जागी निधीचं कपाट होतं. गुडघा असा काही आपटला की कपाटाला पोचा पडला आणि मामा खाली.

गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता शिडी विसरा. मामांची नोकरी पुरी व्हायला अजून अवकाश होता. दुखापत कामावरची ठरली तर पूर्ण पेन्शन आणि गुडघ्याचा सगळा खर्च निधीचा. नाही ठरली तर अर्धी पेन्शन, आणि गुडघा ज्याचा त्याने बघायचा. मामांनी अर्ज केला. अशा अर्जाला बाकीच्या चारही विश्वस्तांचं एकमत लागतं. तीन तयार होते. हिशेबनीस अडून बसले.

माझी शिक्षा मात्र ताबडतोब झाली. माझ्या जिभेला मोजा बांधला. तोही पंपवाल्याचा, दिवसभर बुटात भिजलेला. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

अर्जावरची सभा भरली. मामा कुबडी घेऊन भिंतीशी बसले. स्वतःच्या अर्जावर त्यांना मत नव्हतं. मामी दाराशी खुर्ची टाकून बसल्या.

"मला मामांबद्दल आदर आहे," हिशेबनीस म्हणाले. "पण हा पैसा सगळ्यांचा आहे. आग नव्हती, धूर नव्हता. सभेची घंटा होती. कपाटाला मिठी मारणं कामात कसं बसवू? उद्या कुणी टेबलाला मारेल."

माणूस वाईट नव्हता हो. त्यांच्याच हात आखडण्यामुळे निधी शाबूत होता, हे सगळे जाणून होते. म्हणून तर कुणाला धड भांडताही येईना.

मामी उठल्या. "साहेब, माझा माणूस नाचताना पडला असता तर मी अवाक्षर काढलं नसतं. तो घंटेला पडलाय. ही वाजली की मी गॅस बंद करून दारात उभी राहायची. माझी भाजी जन्मभर अर्धी कच्ची राहिली. ती सवय कुणी लावली? आम्ही हौसेने लावून घेतली?"

हिशेबनीस गोरेमोरे झाले, पण हटले नाहीत. "वहिनी, सवय म्हणून माणूस विचार करायचा सोडतो का? आता सगळ्यांना माहीत आहे की ही सभेची घंटा आहे. मी वाजवून दाखवतो. कोणीही पळणार नाही."

ते उठले, नाक मुरडून दोन बोटांनी मोजा काढला आणि दोरी ओढली.

मी माझ्या कारागिराची लाज राखली.

मोठ्या साहेबांची खुर्ची उलटली. पंपवाला दारातून बाहेर. त्याच्या मागे साहेब, एका पायात चप्पल. मामा कुबडी टाकून उठलेच होते, मामींनी सदरा धरून खाली बसवलं. खाली खुद्द साहेब पळत आलेले बघून ड्युटीवरच्या पोरांनी काही विचारलंच नाही. बंब सुरू झाला, फाटक उघडलं, भोंगा बोंबलत गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली, कारण कुठे जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वरच्या खोलीत हिशेबनीस दोरी हातात धरून उभे. हळूच त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आजोबा होते. दोन्ही हातांनी आणि एका पायाने कपाटाला घट्ट बिलगलेले, डोळे मिटलेले.

"आजोबा," हिशेबनीस हलक्या आवाजात म्हणाले, "उतरा."

"पोचलो का खाली?" आजोबांनी विचारलं.

मामींनी आजोबांना सोडवून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. सगळे धापा टाकत परत आल्यावर हिशेबनिसांनी टोपण काढलं आणि या वेळी फार विचार न करता लिहिलं, 'कामावर असताना झालेली दुखापत.' मामा टोपीने डोळे पुसत राहिले आणि चष्म्याला दोष देत राहिले. ते चष्मा लावत नाहीत.

"एक अट," हिशेबनीस म्हणाले. "ही घंटा आजच्या आज इथून हलवा. अजून दोनदा वाजली तर सगळं केंद्र पेन्शनीत निघेल आणि निधी बुडेल."

अशी मीही निवृत्त झाले. मामांच्या निरोपाला मला त्यांच्याच हातात दिलं. आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी असते. मामा मला रोज पुसतात. मामींनी माझ्या जिभेला लोकरीचा मोजा चढवला, निदान धुतलेला. तरी मोजा तो मोजाच. पितळेच्या जिवाला गप्प बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही.

मागच्या महिन्यात झाडताना मामींच्या केरसुणीचा दांडा लागला, मोजा निसटला आणि मी वाजले.

मामा पलंगावरून उठून काठीशिवाय बाहेरच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबले. रस्त्यावर काहीच नव्हतं. मागे वळून पाहतात तो मामींनी गॅस बंद केलेला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"जपून हो," मामी म्हणाल्या. "आणि लवकर या."

"आलोच," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थांबून ते ऐकलं होतं.

भाजी अर्धी कच्चीच राहिली. दोघांनी ती तशीच खाल्ली, नावं न ठेवता. मामींनी खाली पडलेला मोजा उचलला, धुतला आणि दोरीवर वाळत घातला. तो कधीच वाळलाय. मामी रोज त्याच्या शेजारचे कपडे काढतात, त्याला हात लावत नाहीत.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर एवढी कृपा करा. मदत म्हणून तो मोजा दोरीवरून काढू नका.