मदतीचा रकाना

दारव्ह्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कृषी खात्याचे साहेब तणतणत आले आणि बोंडअळीच्या अहवालाची चाळीस पानं टेबलावर आपटली. नुकसानीच्या रकान्याला लागून असलेल्या मदतीच्या रकान्यात प्रत्येक गावापुढे त्यांनीच ‘निरंक’ लिहून दिलं होतं. निरंक म्हणजे काहीच नाही. रकाना अरुंद, म्हणून शब्द तुटला होता. वर ‘नि’, खाली ‘रंक’.

“नुजहतबाई, पानोपानी रंक? आम्ही काय भिकारी आहोत?”

“कागद तेवढाच हाये साहेब. जागा कुठून आनू?”

“अक्कल चालवा! नुकसान कमी करा, मदत वाढवा.”

मोठा शहाणा! मी दोन्ही रकान्यांमधली रेघ माउसनं नुकसानीकडे सरकवली. ‘निरंक’ एका ओळीत, अगदी मधोमध बसला. साहेब खूश झाले.

त्या साली आमच्या तालुक्यात मदत वाढली ती एवढीच, अर्धा सेंटिमीटर.