नगराध्यक्षांच्या पायाखालची टोपली

आमच्या शहरातलं जुनं दैनिक बंद पडलं, तेव्हा त्याचे अंक तारखेनुसार लावून यादी करायचं काम माझ्याकडे आलं. दर सोमवारी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक व्यंगचित्र असे. एकाच नळाचं तिसऱ्यांदा उद्घाटन करणारे नगराध्यक्ष, रस्त्यातल्या खड्ड्यात गळ टाकून बसलेला अभियंता. खाली सही फक्त ‘टाचणी’. ही टाचणी कोण, हे संपादकांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मला नादच लागला. बघता बघता एक गोष्ट खटकली. सभेच्या प्रत्येक चित्रात ठेंगण्या नगराध्यक्षांचे पाय रद्दी कागदांच्या पालथ्या टोपलीवर टेकलेले. मी मुद्दाम नगरपालिकेचं सभागृह पाहून आले. टेबल अजून तेच, पुढून जमिनीपर्यंत फळी ठोकलेलं. समोरच्या कुणालाही ते पाय दिसणं शक्य नव्हतं. दिसले असते ते फक्त मागच्या छोट्या टेबलावरून. तिथे कोण बसायचं, असं मी तिथल्या म्हाताऱ्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, टायपिस्टबाई.

टायपिस्टबाई म्हणजे माझी सख्खी आत्या.

संध्याकाळी मी तिच्यापुढे अंक पसरले. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. सभेचं टिपण घेता घेता ती वहीच्या मागच्या पानावर चित्र काढायची आणि पाकिटात घालून संपादकांकडे पाठवायची. सात वर्षं! घरात कुणाला पत्ता नव्हता.

“मग थांबलीस का? पकडली गेलीस?”

त्या टोपलीनेच घात केला, असं ती म्हणाली. एका सोमवारी नगराध्यक्षसाहेबांनी अंक आणून तिच्या टेबलावर ठेवला. साहेब शांतपणे म्हणाले, “टोपली बरोबर आहे बाई. पण माझं पोट खरंच एवढं आहे का हो?” आणि आत निघून गेले. ना बदली, ना नोटीस.

“पुढच्या चित्रात मी पोट जरा कमी केलं,” आत्या म्हणाली. “चित्र पार सपक झालं. मग हातच चालेना. चिडले असते ना, तर आणखी दहा वर्षं काढली असती मी.”

यादीत तिचं नाव घालू का, असं मी विचारलं. ती बराच वेळ चित्रं चाळत राहिली. मग म्हणाली, घाल. फक्त त्या शेवटच्या चित्राला नको.