गाळलेला आवाज

मी लॅपटॉप बोलतोय. हसताय काय? वय वर्षं अकरा, झाकणाची एक बिजागरी चिकटपट्टीवर तग धरून आहे, आणि चार्जर काढला की सात मिनिटांत मान टाकतो. पण माझ्या अंगाला अजून दोन वेगळी भोकं आहेत, एक ऐकवायचं आणि एक ऐकायचं. हल्लीच्यांना एकच असतं, त्यातच सगळा संसार. असो!

मला जन्म कुणी दिला ते आठवत नाही. आठवतो तो ताईचा चेहरा. तिनं माझ्यावर कॉलेज केलं, मग घरूनच नोकरी सुरू केली. शेजारच्या खोलीत तिची आई पाळणाघर चालवायची. बावीस पोरं! आईनं "हात धुवा!" म्हटलं की चव्वेचाळीस हात नळाखाली. आवाजच तसा खणखणीत. चादरी आणि लाळेरी धुणारं मशीन मात्र दिवसभर घुं घुं करायचं.

एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमच्या घरात विमान उतरतंय का?" ताई शरमली. तिनं माझ्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गोंगाट काढून टाका' या ओळीपुढे खूण केली. झालं, तेव्हापासून मी आवाज गाळून घेऊ लागलो. बोललेले शब्द ठेवायचे, सलग घुमणारं काहीही फेकायचं. साहेब म्हणाले, "वा, किती शांत घर!" मला कोण अभिमान वाटला!

पुढे ताईला ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटात चादरींखाली गेलो. तीन वर्षं कुणी विचारलं नाही.

मग एका दुपारी चादरीच्या घड्या घालता घालता आई कोसळली. अर्धांगवायूचा झटका. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पाळणाघर बंद झालं. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई दूरच्या गावी. त्यांनी गळ्याजवळ लावायचा एक माइक पाठवला आणि फोनवर सांगितलं, "रोज पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. घशातून आवाज निघत असेल तर शिकवता येईल. पंधरा दिवसांत काहीच आलं नाही, तर खुणांची वही देऊ. मग त्याच्यावरच भागवायचं."

त्या माइकची पिन जुन्या पद्धतीची, माझ्याच भोकात बसणारी. म्हणून माझी धूळ झटकली गेली.

ताईनं पिन आधी चुकीच्या भोकात खुपसली, ते सोडा. योग्य भोकात गेल्यावर ती म्हणाली, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." स्वच्छ उमटलं. मग माइक आईच्या गळ्याशी लावला. आईनं डोळे मिटून जोर केला. पडद्यावरची हिरवी रेघ सपाट.

ताईनं काय काय केलं नाही! पिन पुसली, आवाज शंभरावर नेला, मला बंद करून चालू केलं. "हॅलो" म्हटलं की मी ठणठणीत, आईची पाळी आली की सपाट. मग दोष कुणाचा? आईचाच की! "मला कधीकधी बारीकसं ऐकू येतं," ताई फोनवर म्हणाली, "पण रेकॉर्डिंगमध्ये काही नसतं. माझ्याच मनाचे खेळ असतील." आई हे ऐकत होती. अकराव्या दिवशी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले ते मिटलेच.

तेराव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे रेडिओवाले काका आले. ते हॅलोबिलो काही म्हणाले नाहीत. त्यांनी माइक उचलला आणि सरळ घुमणाऱ्या धुण्याच्या मशीनवर ठेवला. रेघ सपाट!

"अगं, एवढं धूड थरथरतंय आणि ह्याला पत्ताच नाही? हा बहिरा नाही गं. हा वेचून ऐकतोय."

ताईनं सेटिंग उघडलं. ती खूण दिसल्यावर तिचा चेहरा उतरला. "काका, ही मीच केली होती." तिनं खूण काढली आणि आईच्या पुढ्यात गुडघे टेकले. "आई, चूक माझी होती, तुझी नाही. एकदाच गं, माझ्यासाठी."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग ओठ सुटले. "ऊंऽऽऽ..."

काय सांगू तुम्हाला! रेघ उठली. थरथरत वर गेली, मध्येच तुटायला आली, पुन्हा सावरली. अकरा वर्षांत मी लाखो शब्द ऐकले असतील, फुकटात बोललेले. पण माणूस एका आवाजासाठी अख्खं अंग पणाला लावतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. बाहेरून तो नुसता हुंकार वाटायचा. माझ्या आत मात्र त्याला चढ होता, उतार होता, आणि शेवटी ओठ मिटून एक पुसटसा 'म' होता. एवढं सगळं मी इतके दिवस केरात टाकत होतो. मला माझीच लाज वाटली हो.

डॉक्टरीणबाईंचा फोन तासाभरात आला. "हा आवाजच आहे! वही राहू द्या. उद्यापासून दिवसातून तीनदा."

ताई रडत रडत हसली. आता मी रोज टेबलावर असतो. मला भंगारात काढायचं तर खुशाल काढा, माझं वय झालंय. पण एखाद्याला मुका ठरवण्याआधी आपण काय गाळतोय ते एकदा बघा, एवढंच मागणं.

त्या दिवशी ताई म्हणाली, "पुरे आई, दमलीस. आता उद्या." तिनं माइक काढायला हात पुढे केला. आईनं तो हात बाजूला सारला, डाव्या हातानं माउस ओढून घेतला, आणि पडद्यावरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण स्वतः दाबलं.