शाबासकी मिळवणारा रिकामा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, मित्रांनो. बुडाला पोचा आलाय, पण झाकण अजून घट्ट बसते. धाकटीची धावण्याच्या संघात निवड झाली, त्या दिवशी तिच्या ताईने मला दुकानातून आणले. आईच्या मागे ताईनेच तिला वाढवले होते, शिवणकाम करून.

ताई पहाटे मला भात, डाळ, उकडलेली अंडी यांनी गच्च भरी. झाकण बसेना, की तळहाताने दाबून म्हणे, “पोटात असेल तर पाय चालतील, बाई!” सराव झाला की मैदानाच्या पायरीवर धाकटी माझा चट्टामट्टा करी. शेजारी चाळिशीला टेकलेली एक धावपटू आपला डबा उघडून बसे. ती हसून सांगे, “माझ्या बरोबरीच्या उपाशी पळणाऱ्या केव्हाच घरी बसल्या. मी जेवते, म्हणून अजून पळतेय.” तेव्हा माझी छाती फुगायची.

मग नवे प्रशिक्षक आले. ते धाकटीला म्हणाले, “वजन उतरव. हलकी झालीस की बघ कशी पळशील!”

आणि खरेच, सुरुवातीला ती जोरात पळाली. पदकही मिळाले. पण मला ती कपडे बदलायच्या खोलीमागे नेऊन कचऱ्याच्या पिंपात उपडा करू लागली. नळाखाली विसळून, पुसून घरी न्यायची. ताई झाकण उघडून खूश व्हायची. “शहाणी गं माझी बाई! शीतसुद्धा ठेवलं नाही.” वर माझ्या पाठीवर थाप. ती थाप मला चटका दिल्यासारखी लागे. जिच्यासाठी रोज भरून जायचो, तिनेच माझा केसाने गळा कापला होता.

हळूहळू धाकटीचे पाय दुखू लागले. एका सकाळी वळणावर ती कोसळली. नडगीचे हाड मोडले होते.

“इतक्या लहान वयात हाडं अशी ठिसूळ?” डॉक्टरीणबाईंनी विचारले. “जेवते ना नीट?”

ताईने पिशवीतून मला काढून पुढे धरले. “खाण्याचं तर विचारूच नका! रोज डबा चाटूनपुसून रिकामा येतो.”

धाकटी रडू लागली. “ताई, मी टाकून द्यायचे गं.”

 ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू फसवणारा मीच होतो.

पुन्हा पळता येईल की नाही, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आले नाही. मित्रांनो, जेवायचे नसेल तर मला भरलेला घरी न्या. ओरडा बसेल, तो खा. पण मला रिकामा करून तुमच्या माणसांपुढे खोटी साक्ष द्यायला उभे करू नका.