साहेब दौऱ्यावर आहेत

अख्खी हयात हॉटेलातल्या खोल्या आवरण्यात गेलेल्या बाईला कोणी म्हणालं, की बाई गं, एक खोली जरा विस्कटून दे, तर तिने काय करावं? मी सकाळपासून तेच करत होते आणि मला ते काही केल्या जमत नव्हतं.

खोली आमच्याच घरावरची. जिना बाहेरून, दारावर पितळी पाटी. पाटीवर माझ्या धाकट्या भावाचं नाव, त्याखाली ‘लोकप्रतिनिधी’, आणि त्याखाली ‘निवास’. भाऊ जगासाठी साहेब, माझ्यासाठी बब्या. बब्या नदीपलीकडे राहतो, बायकोच्या नावावरच्या बंगल्यात. इथे तो फक्त पाटीवर असतो.

पाटी लागली तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. निवडून आल्यावर तो पेढ्यासारखं गोड हसत आला, जेवणाच्या टेबलावर कागद ठेवले आणि म्हणाला, “ताई, मतदारसंघातला एक पत्ता लागतो. इथे सही कर.” मी केली. सख्ख्या भावाचे कागद कोण वाचत बसतं? शाळेत त्याचे निबंध मी लिहायचे. ‘माझे ध्येय’ या माझ्या निबंधाला त्याला बक्षीस मिळालं होतं.

मग या आठवड्यात तो पुन्हा आला. या खेपेला हसू नव्हतं.

“ताई, हिशेब तपासणीची माणसं घर बघायला येणारेत. तू फक्त सांगायचं, मी इथे राहतो.”

“कशाला?”

“मतदारसंघात राहणाऱ्याला घरभाडं मिळतं. मी जे तुला देतो ना, ते.”

“तू मला कधी दिलंस?”

“अगं, म्हणजे कागदावर.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं हा माझ्या नावाने भाडं उचलतोय आणि मला गंधवार्ता नाही! बाहेर काढला असता त्याला. पण तो तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. रडताना बब्या अजूनही लहानपणीसारखाच रडतो, नाक वर ओढत, आणि मी अजूनही त्याला पाणी आणून देते.

“सगळेच करतात गं,” तो म्हणाला. “पण छापून फक्त माझं येईल. तू एक ‘हो’ म्हटलंस की सुटलो.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी खोली झाडायला घेतली.

तर आता ती खोली राहती दिसायला हवी होती. दांडीवर ओला टॉवेल फेकला आणि खिडकी उघडून मागे वळले, तर टॉवेलाची तीन पदरी घडी झालेली. कोणी केली? मीच. वर्तमानपत्र पसरलं, जाता जाता त्याच्या कडा जुळवल्या. नवऱ्याच्या जुन्या चपला आणून पलंगाखाली भिरकावल्या, आणि थोड्या वेळाने पाहते तर त्या शाळेतल्या मुलांसारख्या शेजारी शेजारी उभ्या. दातांच्या नव्या ब्रशचे केस नखाने वाकवले, तेवढं एक काम बरं झालं. माणूस राहून गेल्याच्या खुणा पुसायच्या, हा माझा धंदा. त्या उमटवायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी नवऱ्याला हाक मारली.

“अहो, वर जाऊन त्या पलंगावर झोपा.”

“आता? भर दुपारी?”

“चादरीला सुरकुत्या हव्यात.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “आयुष्यात पहिल्यांदा झोपण्याचं सरकारी काम मिळालं. पगारी आहे का?”

“झोपा.”

ते झोपले. इतके मनापासून झोपले, की घोरणं खाली ऐकू यायला लागलं. तळमजल्यावर आमच्या भाडेकरू शिलाईवाल्या काकूंचं दुकान आहे. त्यांनी मशीन थांबवून जिन्याकडे पाहिलं.

“साहेब आले वाटतं?” त्या म्हणाल्या. डोळ्यांत केवढी आशा!

त्याचं कारण दुकानासमोर होतं. गटार फुटून वर्ष झालं, काळं पाणी त्यांच्या पायरीला लागतं, गिऱ्हाइकं नाक दाबून कपडे टाकतात आणि पळतात. निवडणुकीच्या वेळी काकू मतदानालाच जाणार नव्हत्या. ‘सगळे एका माळेचे मणी’ असं म्हणून शिवत बसल्या होत्या. मीच त्यांच्यापुढे उभी राहिले होते. म्हटलं होतं, माझा भाऊ आहे, त्याने नाही केलं काम तर मला धरा. त्यांनी मशीन बंद केलं, पदर खोचला आणि माझ्याबरोबर मत द्यायला आल्या. या गल्लीतली निम्मी मतं बब्याला अशीच पडलीत. त्याच्या भाषणांवर कोण विश्वास ठेवणार? लोकांनी मत दिलं ते माझ्या तोंडाकडे बघून.

“नाही हो काकू,” मी म्हटलं, “साहेब दौऱ्यावर आहेत.”

हे वाक्य आता माझ्या तोंडात इतकं बसलंय, की विचारही करावा लागत नाही. त्या बिचाऱ्या “बरं, आले की सांगा” म्हणून परत मशीनवर बसल्या.

माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. एकदा खाली, एकदा वर. हो म्हणावं, तर मी चोराची साथीदार. नाही म्हणावं, तर भाऊ उघड्यावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. स्वयंपाकघरात गेले, ओटा पुसला. कोरडाच होता, तरी पुसला. पुन्हा वर गेले. नवरा कुशीवर वळून घोरत होता. चादर छान चुरगळली होती. उशीला खड्डा पडला होता. वाटलं, आता ठीक दिसतंय. आता येऊ दे कोणाला यायचं ते.

आणि बेल वाजली. संध्याकाळी येणार म्हणाले होते, आणि हे भर दुपारी!

नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं, दार उघडायला खाली पिटाळलं. आणि मग काय झालं ते माझ्या डोक्याला विचारू नका, हातांना विचारा. इतकी वर्षं ‘तपासणी आली’ हे दोनच शब्द कानावर पडले, की माझे हात एकच काम करत आलेत. त्यांनी चादर ताणली. कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचले. उशी झोडपून उभी केली. चपला, वर्तमानपत्र, टॉवेल, सगळं जागच्या जागी. पाण्याचा पेला उपडा घालून त्यावर कागदाची टोपीसुद्धा चढवली. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी दाराशी हात बांधून, मान जराशी झुकवून उभी होते.

आणि मग मला खोली दिसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तपासणीच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. जिना चढून दम लागला होता, खांद्यावर जड पिशवी. त्यांनी पलंग पाहिला, पेला पाहिला, मग आत न्हाणीघरात डोकावल्या. तिथे टॉयलेट पेपरच्या गुंडाळीचं टोक मी हॉटेलातल्यासारखं त्रिकोणी दुमडून ठेवलेलं. कधी दुमडलं, देव जाणे.

“साहेब स्वतः आवरतात?” बाईंनी विचारलं.

“लहानपणापासून टापटिपीचे आहेत,” मी म्हटलं. बब्या! ज्याच्या गादीखाली अर्धवट खाल्लेलं बिस्कीट सापडायचं तो बब्या.

“काल रात्री इथेच होते?”

“येऊन जाऊन असतात.”

“येऊन, की जाऊन?”

बाईंनी कपाट उघडलं. आत माझ्या नवऱ्याचे दोन शर्ट टांगलेले. बब्याचा एक दंडही त्यात मावणार नाही, आणि भिंतीवर गळ्यात विजयाचा हार घातलेल्या बब्याचा भलामोठा फोटो, समोरच. बाईंनी शर्टाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराशी उभा असलेला नवरा छताकडे बघत होता.

“बाई,” त्या सावकाश म्हणाल्या, “मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. ते इथे राहतात का?”

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघणार होतं ते मलाही माहीत नव्हतं. पण माझ्या आधी जिन्यावरून आवाज आला.

“राहतात की!”

शिलाईवाल्या काकू. गळ्यात मोजपट्टी, धापा टाकत वर आलेल्या. खालून त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि माझा चेहरा बघून बाकीचं ओळखलं होतं.

“माझ्या डोक्यावरच तर राहतात,” काकू म्हणाल्या. “पावलं वाजतात रोज. आज तर घोरतही होते.”

“तुम्ही त्यांना पाहता?”

“रोज बघते. सकाळी निघतात, रात्री येतात. नमस्कार करतात मला.”

ज्या माणसाची वाट बघत ही बाई वर्षभर काळं पाणी तुडवतेय, तो हिला रोज नमस्कार करतो! आणि हे ती इतक्या ठामपणे सांगत होती, की क्षणभर मलाही बब्या जिना उतरताना दिसला.

तपासणीच्या बाईंनी पिशवीतून कागद काढला. “असं लिहून द्याल? सही करावी लागेल. आणि आधीच सांगते, खोटं निघालं तर खटला होतो. तुमच्यावर.”

“आणा इकडे,” काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. काळजी नको, मी आहे ना, असं.

त्यांनी पेन घेतलं. शिवून शिवून वाकडी झालेली ती बोटं. बब्या उघडा पडेल, याची चार दिवस मला धास्ती होती. पण हिला कोण वाचवणार? भाड्याची भानगड तर हिला ठाऊकही नव्हती. माझ्यासाठी करत होती. ताई अडचणीत दिसतेय, एवढं तिला पुरे होतं. सही करताना कागद न वाचण्याची चूक या घरात एकदा झाली होती तेवढी बस झाली.

“काकू, थांबा,” मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला, की नवरा दचकला. “ते इथे राहत नाहीत. एक दिवसही राहिले नाहीत. हे घोरत होते, माझे मिस्टर.”

नवऱ्याने मान डोलावली. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

“भाडं?” तपासणीच्या बाईंनी विचारलं.

“मी त्यातला छदामही पाहिला नाही. पण करारावर सही माझी आहे.”

“मग चौकशी तुमचीही होईल, बाई.”

“होऊ द्या.”

माझं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं. या वेळी मी शब्दन् शब्द वाचला आणि मगच सही केली. काकू कधी खाली उतरल्या ते कळलंच नाही.

तपासणीच्या बाई गल्लीच्या टोकाला पोचल्या नसतील, तोच फोन आला. बातमी कशी पोचते, देव जाणे.

“तुला एक ‘हो’ म्हणायचं होतं!” बब्या ओरडत होता. “एक! तूच निवडून आणलंस आणि तूच बुडवलंस. सख्खी बहीण ना तू?”

“शिलाईवाल्या काकू तुझ्यासाठी तुरुंगात जायला निघाल्या होत्या,” मी म्हटलं.

“कोण काकू?”

मी फोन ठेवला. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग आला, आणि तो एकट्या बब्याचा नव्हता.

खाली गेले. काकू मशीनवर बसल्या होत्या. मान वर केली नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभी, पायाशी ते काळं पाणी.

“काकू, रागावलात? मी खरं बोलायला नको होतं का?”

“खरंच बोलायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “पण त्या बाईशी आज बोललात. माझ्याशी वर्षभर काय बोलत होतात? दौऱ्यावर आहेत, दौऱ्यावर आहेत. गेल्या महिन्यात मी तुम्हाला म्हटलं, एवढं फिरून त्यांची तब्येत कशी राहते? आणि तुम्ही म्हणालात, जपतात हो.”

असं मी म्हणाले होते. मला आठवतही नव्हतं, त्यांना आठवत होतं.

“साहेबांनी सरकारला फसवलं असेल. ते सरकार आणि साहेब बघून घेतील. मी काही साहेबांना ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते.”

“उद्या मी स्वतः जाते गटाराची तक्रार घेऊन. तुमच्याबरोबर.”

“ते मी माझं बघेन.” त्यांनी दातांनी दोरा तोडला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या घालतील. घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण त्या अगदी हळू, विनवणी केल्यासारख्या म्हणाल्या,

“एवढंच करा, ताई. पुढच्या निवडणुकीला कोणासाठीही मत मागायला माझ्या दारात येऊ नका. तुम्ही आलात, तर मला पुन्हा ‘नाही’ म्हणता यायचं नाही.”