आत आकडा दिसणारं मीटर

बुधाजीला उजेड नुसत्या नजरेनं मोजता यायचा, ही काही थाप नव्हे. रेवसपासून नागावपर्यंत कॅमेऱ्यात रोल घालायच्या जमान्यात ज्यांची लग्नं झाली, त्यांना विचारा. तो डोळे बारीक करून नवरीकडे बघायचा आणि मांडवभर ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा. त्याची बायको सत्यवती कॅमेरा त्या आकड्यावर लावायची आणि फोटो हमखास उतरायचा. उजेड कमी तर आकडा लहान, जास्त तर मोठा, एवढंच त्यातलं शास्त्र. पुढे मोबाइल आले, धंदा बसला. आता मुंबईच्या जोडप्यांना पुन्हा रोलवरच्या फोटोंचं वेड लागलं, तर तोवर बुधाजीच्या डोळ्यांचे पडदे साखरेच्या आजारानं खाल्लेले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

गेलेली नजर परत येणार नाही, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सत्यवतीला. तिनं नवऱ्याला सांगितलं, थोडं अंधूक आहे, औषधानं थांबेल. मागच्या लग्नाचा अख्खा रोल काळा आला, तेव्हा बुधाजीनं रोल धुणाऱ्याला शिव्या घातल्या आणि हिनं त्याचीच री ओढली. करते काय? खरं कळलं तर हा माणूस अंथरूण धरेल, हीच तिला धास्ती.

म्हणून मीटर घ्यायचं ठरलं, दुरून एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारं. मी एकटी कामाला गेले तर लागेल, असं तिनं त्याला पटवलं. जुने कॅमेरे विकणारा विनेश भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं दोन मीटरं घेऊन रेवसच्या धक्क्यावर आला. बायकोला कुणी फसवू नये म्हणून बुधाजीही आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून, जणू प्रेमानंच ठेवलाय.

एका मीटरचा आकडा बाहेर, बाजूवर ठसठशीत उमटायचा. दुसऱ्याला डोळा लावला तरच आत दिसायचा. सत्यवतीनं दुसरं उचललं. आकडा चारचौघांना दिसला तर नवऱ्याची चूक उघडी पडायची.

आधी मी सांगतो, मग यंत्र काय म्हणतं ते सांग, असं बुधाजीनं फर्मावलं. लाँचच्या उन्हातल्या पांढऱ्या बाजूला तो म्हणाला आठ. आत बावीस होते. आठच, ती म्हणाली. सावलीत बसलेल्या कोळणीला तो म्हणाला सोळा. आत चार. सोळाच, ती म्हणाली. खोटं बोल पण रेटून बोल! काका, तुम्हाला मीटर हवंय कशाला, असं विनेशही म्हणून बसला. बुधाजी हसला आणि ते हसू बघून तिला भडभडून आलं. पुढेपुढे ती आत बघेनाशीच झाली. तो म्हणेल तो आकडा खरा.

पण सगळंच बरोबर येतंय म्हटल्यावर बुधाजीचं हसू मावळत गेलं. शेवटी त्यानं छपराखालच्या जाळी ठेवायच्या कोपऱ्याकडे बोट केलं. धक्का त्याला पाठ होता.

"बावीस," तो म्हणाला.

"बावीसच."

तो बोट खाली घेऊन तिच्याकडे वळला.

"सत्ये, त्या काळोखाला मी मुद्दाम बावीस म्हणलो. तू बघितलंसच न्हाय."

सत्यवतीनं मीटर खाली घेतलं. विनेश बिचारा समजून पाण्याच्या कडेला गेला. डॉक्टर काय म्हणाला ते बुधाजीनं विचारलं आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, ओरडला नाही, आणि तेच तिला सहन होईना. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं दोन्ही मीटरं हातात घेऊन चाचपली. बाहेर आकडा दिसणारं बाजूला ठेवलं.

"हे नको. लोकांना आकडा दिसंल. आतलं घे. तू बघ, माझ्या कानात सांग. मोठ्यानं मी बोलीन."

तिला हुंदका आवरेना.

"पण मला तरी खरं सांग गं," तो म्हणाला. "बघ, माझ्या तोंडावर उजेड किती ते."

तिनं मीटर डोळ्याला लावलं. डोळ्यांतल्या पाण्यानं आकडा दिसेना. अंदाजानं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, त्याच्या कानाशी गेली आणि हळूच सांगितलं.

"आठ!" बुधाजीनं पुकारलं, पूर्वी मांडवात पुकारायचा तसंच. धक्क्यावरची माणसं वळून बघू लागली.

सत्यवतीनं मीटर पदराखाली झाकलं.